पोकळ लाकडी पात्र आणि त्याची काळी कॉलर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेपलचा ओंडका सहा महिने सावलीत ठेवून त्यातून सुमारे १५ सेंमी व्यासाचं आणि १८ सेंमी उंचीचं पोकळ पात्र कातलं. मेपलच्याच सुक्या फळीतून कॉलर, म्हणजे तोंडावर बसवायचं वेगळं कडं, काढली, तोंडाच्या खाचेत घट्ट बसवून चिकटवली आणि मग व्हिनेगरमध्ये लोखंड मुरवलेलं पाणी लावून ती काळी करायला घेतली. कॉलर काळी होण्याऐवजी करडी-तपकिरी झाली. पाणी खाली खांद्यात झिरपलं आणि तिथे डाग पडले. दोन महिन्यांनी कॉलरच्या कडेपासून खाली खांद्याला तडा गेला. हे का झालं, आणि पुढच्या वेळी काय करायचं?

तिन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे. कॉलर तुम्ही शेवटचा दागिना म्हणून चढवली. कॉलर मात्र अगदी पहिल्या दिवशी, ओंडका लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, चढवण्याआधी ठरवायची असते. तिचं लाकूड कोणतं, त्यातले तंतू कोणत्या दिशेला आणि ती काळी कधी करायची, या तीन गोष्टी आधी पक्क्या असल्या की बाकीचं काम सुरळीत होतं.

तड्यापासून सुरुवात करतो, कारण डाग निघतात, तडा राहतो.

लाकूड सुकताना तंतूंच्या लांबीत जवळजवळ आकसत नाही. अगदी ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत लांबीत फरक पडतो तो ०.१ ते ०.२ टक्के. आडव्या दिशेत मात्र हार्ड मेपल वार्षिक वलयांच्या रेषेत सुमारे ९.९ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारे ४.८ टक्के आकसतो. तुमच्या पात्राचे तंतू उभे आहेत, म्हणजे तोंडाचं वर्तुळ पूर्णपणे आडव्या दिशेत येतं. कातताना लाकडात १४ टक्के ओल होती आणि घरात ती ८ टक्क्यांवर आली असं धरा. ६० मिमीचं तोंड एका बाजूने साधारण सव्वा मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूने अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त आत यायला बघणार. आत मात्र फळीतून काढलेली कॉलर घट्ट बसलेली. फळीचे तंतू आडवे असल्यामुळे ती एका व्यासावर तसूभरही आकसत नाही. म्हणजे तुम्ही तोंडात पाचरच ठोकून ठेवली होती. खांद्याने दोन महिने तग धरला आणि मग तंतूंच्या रेषेत तो उलला.

सहा महिने सावलीत ठेवलेला ओंडका बाहेरून सुका वाटतो, आत ओला असतो. जाडीच्या दर २५ मिमीला एक वर्ष हा जुना ठोकताळा फळ्यांसाठीही ढोबळच आहे, आणि ओंडक्याला तर तो पुरतच नाही. म्हणून ओंडका सुकण्याची वाट बघू नका. ओला असतानाच बाहेरून आणि आतून ढोबळ कातून घ्या आणि भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी ठेवा, म्हणजे तुमच्या मापाला दीड सेंमी. मधला गर पात्रात येऊ देऊ नका, तडे बहुतेक तिथूनच सुरू होतात. टोकाकडच्या छेदांना, म्हणजे तंतू जिथे आडवे कापले जातात त्या बाजूंना, मेण फासा, कागदी पिशवीत ठेवा आणि दर आठवड्याला वजन करून पिशवीवरच लिहीत जा. सलग तीन-चार आठवडे वजन हललं नाही की लाकूड खोलीतल्या हवेशी जुळलं. ओलाव्याचं मीटर मीही वापरतो, पण वक्र भिंतीवर त्याच्यापेक्षा तराजूवर माझा जास्त विश्वास आहे.

कॉलरचे तंतूही पात्राच्याच दिशेने, म्हणजे उभे ठेवा. दोन्ही लाकडं मग साधारण एकाच रीतीने हलतात. यात एक उणीव आहे. कॉलरचा ओठ बाहेर फाकवला तर तिथे तंतू आखूड पडतात आणि पातळ कड टचकन तुटते. म्हणून ओठाची कड मी अडीच-तीन मिमीच्या खाली नेत नाही. याचा फायदाही आहे, आणि तो पुढे काळं करताना कळेल.

आता पोखरण्याबद्दल. अमेरिकी लाकूड-कातकार डेव्हिड एल्सवर्थ यांनी १९७० च्या दशकात वाकड्या टोकाची हत्यारं वापरून अगदी लहान छिद्रातून पातळ भिंतीची पात्रं पोखरून दाखवली आणि या कामाची दिशाच बदलली. ते कौशल्य जरूर शिकावं. पण वेगळी कॉलर बसवायचीच असेल, तर मोठ्या तोंडातून पोखरून नंतर कॉलरने तोंड लहान करण्यात कुठलाही कमीपणा नाही. ५० ते ६० मिमीच्या तोंडातून हत्यार फिरतं, भुसा निघतो आणि आत काय चाललंय ते दिसतं. वर २० मिमी छिद्राची कॉलर बसली की पात्राला हवा तो गूढपणा येतो.

सुकलेलं ढोबळ पात्र पुन्हा चढवल्यावर खुंटी, म्हणजे लेथच्या पकडीत धरायचा बुडाचा भाग, आधी गोल करून घ्या, कारण सुकताना ती लंबगोल झालेली असते. मग बाहेरचा आकार पुरा करा. बाहेरून कातताना मोठ्या व्यासाकडून लहान व्यासाकडे जायचं, आत मध्यापासून बाहेर. उभ्या तंतूंच्या लाकडाला हीच दिशा मानवते, उलट गेलात की तंतू उपटले जातात. बुडाजवळचं जादा लाकूड इतक्यात काढू नका. पोखरताना सगळा थरथराट तेच पोटात घेतं.

पोखरण्याआधी मधोमध ड्रिलने खोलीचं छिद्र पाडा आणि आतलं बूड जिथे हवं त्याच्या १० ते १२ मिमी वर थांबा. यामुळे खोली नक्की होते, आणि मध्यावर, जिथे लाकूड जवळजवळ फिरतच नाही, तिथे हत्यार खुपसायची वेळ येत नाही. वेगाचं गणित सोपं आहे. इंचांतला व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० च्या मध्ये ठेवायचा. सहा इंचांच्या पात्राला बाहेरून १,००० ते १,५०० फेरे येतात. पोखरताना मी त्याहून खाली, ६०० ते ९०० वर राहतो. हत्याराचं टोक मध्यरेषेच्या किंचित वर ठेवा. आतल्या बाजूला टोक दाबाने खाली गेलं तर ते मोकळ्या जागेकडे जातं आणि अडकत नाही. मध्यरेषेच्या खालून काम केलंत तर तेच टोक भिंतीत रुतायला बघतं.

पोखरणं वरून खाली, टप्प्याटप्प्याने. तीन-चार सेंमी खोलीचा पट्टा घ्या, तिथली भिंत अखेरच्या जाडीला, म्हणजे ५-६ मिमीला आणा आणि मगच खाली उतरा. सगळं आधी ढोबळ पोखरून, वर परत येऊन भिंत पातळ करू म्हटलंत तर वरचा भाग खाली आधार नसल्यासारखा थरथरतो आणि भिंतीवर लाटा उठतात. एकदा पातळ केलेल्या पट्ट्यावर परत जायचं नाही, हा नियम मी कधी मोडत नाही. भुसा दर मिनिटाला काढा. तो आत साचला की टोकाभोवती गुंडाळतो, आणि अनेक पात्रं बेसावध क्षणी तिथेच फुटतात. लेथ पूर्ण थांबवूनच हात किंवा चमचा आत घाला. जाडी कॅलिपरने मोजा, पण कानही उघडे ठेवा. भिंत पातळ होत जाते तसा कापण्याचा आवाज बदलतो. थोड्या सवयीनंतर थांबून कुठे मोजायचं हे कानच सांगतात. चेहऱ्यावर पूर्ण ढाल, नाकावर चांगला मास्क, बाह्या वर. हातमोजे घालून फिरत्या लेथजवळ जायचं नाही.

कॉलरची खाच पोखरून झाल्याबरोबर कापू नका. इतकं लाकूड निघून गेल्यावर आतला ताण सुटतो आणि तोंड थोडं हलतं. पात्र चकमध्येच, म्हणजे लेथच्या पकडीतच, रात्रभर राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी हलका हात फिरवून खाच गोल करा. ४ मिमी खोल आणि ४ मिमी रुंद पुरे.

कॉलरचं लाकूड ही तुमची दुसरी चूक. व्हिनेगर आणि लोखंडाचं पाणी हा रंग नाही. ते लाकडातल्या टॅनिनशी संयोग पावतं आणि काळं संयुग लाकडाच्या आतच तयार होतं. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई होते ती याच रसायनाने. मेपलमध्ये टॅनिन इतकं कमी आहे की लोखंडाला धरायला काही मिळत नाही. ते नुसतं गंजतं, आणि तोच करडा-तपकिरी रंग तुम्हाला दिसला. ओक, अक्रोड, चेरी, बाभूळ यांत टॅनिन भरपूर असतं. त्यातही ओकची छिद्रं मोठी असल्यामुळे काळं झाल्यावर पोत उठून दिसतो. काहींना तो आवडतो. मेपलच्या गुळगुळीत अंगावर मला तो खटकतो. मी अक्रोड घेतो. आबनुसाच्या जागी नासपतीचं लाकूड काळं करून वापरायची जुनी पद्धत आहे, कारण त्याचा पोत अगदी बारीक असतो. टॅनिन मात्र बाहेरून द्यावं लागतं.

खऱ्या आबनुसाचीच कॉलर का नको, असंही कोणी विचारेल. आबनूस सुंदर असतो, पण जड असतो, फार हळू सुकतो आणि पातळ कड्याच्या रूपात सहज तडकतो. टेंभुर्णी आबनुसाच्याच कुळातली. तिच्या काळ्या गाभ्याचा जुना, पूर्ण सुकलेला तुकडा हाती असेल तर जरूर वापरा. तसा नसेल तर काळवलेला अक्रोड जास्त भरवशाचा.

कॉलर वेगळी कातायची. खालचा खांब, म्हणजे खाचेत शिरणारा भाग, खाचेपेक्षा व्यासात पाव मिलिमीटर लहान ठेवा. हाताने सहज आत गेली पाहिजे आणि किंचितच हलली पाहिजे. ती न चिकटवता पात्रावर बसवा, टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या समोरच्या टोकाच्या आधाराच्या, शंकूने हलकी दाबून धरा आणि खांद्याची रेषा आणि कॉलरची रेषा एकत्र कातून जुळवा. ही पायरी वगळू नका. पात्राचा घाट खांद्यावरून गळ्यात कसा शिरतो ते इथेच ठरतं, आणि हाताला जाणवलेली अर्ध्या मिलिमीटरची पायरी नंतर कोणत्याही पॉलिशने लपत नाही. सांध्यावर एक मिलिमीटर खोल नाजूक खाच मारा. दोन लाकडं पुढे थोडी वेगळी हलली तरी त्या सावलीत ते दिसत नाही. मग आतल्या बाजूला पेन्सिलने खूण करा, म्हणजे कॉलर परत त्याच जागी बसेल, आणि काढून घ्या. इथून पुढे कॉलर आणि पात्र यांची भेट अगदी शेवटी.

तुम्ही चिकटवून मग काळं केलंत. खांद्याच्या टोकाकडच्या छेदाने ते पाणी वातीसारखं ओढून घेतलं. चिकटपट्टी लावूनही हे थांबत नाही, कारण पाणी पट्टीखालून नव्हे, लाकडाच्या आतून जातं.

काळा रंग ओरखडे झाकतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो प्रत्येक ओरखडा दाखवतो. म्हणून १२० पासून १८०, २४०, ३२० असे पॉलिश पेपर क्रमाने फिरवा, कोणताही नंबर न गाळता. ३२० वर थांबा. त्याहून घासून चकाकी आणली तर पृष्ठभाग मिटतो आणि पाणी नीट शोषत नाही. मग ओल्या फडक्याने कॉलर पुसा, सुकू द्या, उठलेले तंतू ४०० ने हलकेच काढा. हे दोनदा करा. काळी झाल्यावर तंतू उठले तर तुम्ही ते घासणार, आणि काळा थर इतका पातळ असतो की खालचं तपकिरी लाकूड लगेच डोकावतं.

लोखंडाच्या पाण्यासाठी अगदी बारीक स्टील वूलचा एक गुंडा साबणाने धुऊन घ्या. त्याला तेलाचा हात असतो आणि तेलामुळे ते विरघळत नाही. काचेच्या बरणीत अर्धा लिटर साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा. झाकण नुसतं टेकवून ठेवा, आवळू नका. आत हायड्रोजन तयार होतो, त्याला बाहेर जायला वाट हवी आणि बरणीजवळ ज्योत नको. तीन दिवस ते आठवड्याभरात पाणी तयार होतं. ते कॉफीच्या गाळणकागदातून गाळा, नाहीतर लोखंडाचे कण कॉलरवर ठिपके पाडतात. पाणी फिकं, हिरवट-करडं असताना वापरा. जुनं होऊन नारिंगी झालं की त्यात गंजाची छटा येते, तेव्हा नवं करा.

अक्रोडात स्वतःचं टॅनिन असलं तरी मी आधी हिरड्याचं पाणी देतोच. दोन चमचे हिरडा पूड पाव लिटर गरम पाण्यात, थंड झाल्यावर गाळून. कोरा कडक काळा चहाही चालतो, पण हिरडा जास्त जोरकस. एक हात हिरडा, सुकवा. एक हात लोखंड. काही मिनिटांतच, हवा लागेल तसा, रंग खोल होत जातो. सुकल्यावर पुन्हा हिरडा, हवं तर पुन्हा लोखंड. ब्रशला धातूची पट्टी नको, स्पंजचा तुकडा बरा. लोखंडाचा स्पंज हिरड्याच्या भांड्यात बुडवलात तर सगळं भांडं शाई होईल, म्हणून दोन्हीचे स्पंज वेगळे. कॉलरची आतली बाजू विसरू नका, डोळा पहिल्यांदा तिथेच जातो. तंतू उभे ठेवण्याचा फायदा इथे दिसतो: ओठाची वरची कड म्हणजे पूर्ण टोकाकडचा छेद, तो भरपूर पाणी पितो आणि सगळ्यात गडद होतो. एक दिवस सुकवून, चिमूटभर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने हलकं पुसून पुन्हा एक दिवस सुकवा. सोडा लाखेच्या आधीच, कारण लाखेला तो मऊ करतो.

या टप्प्यावर कॉलर निस्तेज, कोळशासारखी आणि थोडी निळसर दिसते. बिघडली असं वाटतं. तेल किंवा लाखेचा पहिला हात बसला की खरा काळा वर येतो.

पात्राला आणि कॉलरला फिनिश वेगवेगळं द्या. फिका मेपल तेलाने पिवळसर होतो. त्याचा उजळपणा राखायचा तर मेण काढलेली फिकी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवा, लिटरला साधारण १२० ग्रॅम. कापडाने तीन-चार पातळ हात द्या, मधे ४०० चा हलका पेपर आणि शेवटी मेण. कॉलरलाही पहिला हात लाखेचाच, म्हणजे काळेपण आत बंद होतं. नंतर तेलाचा एक हात किंवा काळं मेण. कॉलर फार चकचकीत करू नका. आरशासारखी काळी कड प्लॅस्टिकची वाटते, मंद चमकेत ती लाकूड वाटते. चाकावर पॉलिश करत असाल तर पांढरी पेस्ट काळ्या कॉलरला लागू देऊ नका, ती छिद्रांत भरून बसते आणि निघत नाही. कोणी चामड्याचा स्पिरिटमधला काळा रंग वापरत असेल तर त्यावर लाखेचं कापड फिरवू नये, स्पिरिट तो रंग विरघळवून कापडाबरोबर ओढतं. तेलाची फडकी सपाट पसरून सुकवा. गोळा करून टाकलेली फडकी आपोआप पेट घेतात.

चिकटवायला इपॉक्सी, त्यात चिमूटभर काळं रंगद्रव्य. झटपट चिकटणारा गोंद ठिसूळ असतो, लाकूड हललं की त्याचा सांधा सुटतो. इपॉक्सी फक्त खांबाला लावा आणि थोडीच. बाहेर आलेला थेंब पुसताना मेपलवरची चमक जाते.

आता तुमच्या हातातल्या पात्राकडे. तडा फक्त खांद्यापुरता असेल तर ते वाचेल. पोटापर्यंत गेला असेल तर ते पुन्हा लेथवर चढवू नका, कॉलर करवतीच्या पात्याने आणि कानशीने काढा. खांद्यापुरता असला तरी पात्राला बाहेरून चिकटपट्टीचे घट्ट वेढे द्या, वेग सगळ्यात कमी ठेवा, फिरत्या रेषेच्या बाजूला उभे राहा आणि कॉलर कातून काढा. उचकटू नका. पाचर निघाली की तडा बहुधा थोडा मिटतो. पात्र तसंच ठेवून वजन स्थिर होऊ द्या.

डागांसाठी ऑक्झॅलिक ॲसिड. अर्धा लिटर गरम पाण्यात ४० ते ५० ग्रॅम, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात. ते विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा लागेलच. वर तेल किंवा लाख चढवली असेल तर आधी घासून काढा, नाहीतर पाणी आत जाणार नाही. फक्त डागावर नको, पूर्ण खांद्यावर एकसारखं लावा, म्हणजे नवा फिका ठिपका उरणार नाही. लोखंडाचे डाग बहुतेक तासाभरात उतरतात. नंतर साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसून पूर्ण सुकवा. पुसण्याआधी घासलंत तर ती पूड श्वासात जाते, तेव्हा तसं करू नका. नवी काळी कॉलर या सगळ्यापासून लांब ठेवा, हेच ॲसिड तिचा रंगही काढून टाकेल.

उरलेल्या तड्यात काळं रंगद्रव्य घातलेली इपॉक्सी भरा, सुकल्यावर सपाट करा. मग उभ्या तंतूंची अक्रोडाची कॉलर करा. तड्याची काळी रेघ कॉलरला जिथे भिडते तिथे सांध्याची खाच न तोडता तशीच पुढे नेलीत, तर ती रेघ गळ्यातूनच खाली उतरल्यासारखी दिसेल.